वैराग्य, बोध, उपरम : नेमकं काय अडलंय हे ओळखायचं कसं?

बालाघाटी

विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथाचं सहावं प्रकरण म्हणजे चित्रदीप. त्याच्या अगदी शेवटी, दहाबारा श्लोकांत, विद्यारण्य वैराग्य (विरक्ती), बोध (ज्ञान) आणि उपरम (निवृत्त होणं, थांबणं) ही तीन नावं शेजारी शेजारी ठेवतात. म्हणतात, ही तिन्ही एकमेकांच्या मदतीला असतात, बहुतेक वेळा एकत्रच सापडतात, पण क्वचित वेगळीही पडतात. माझं अडतं ते या "वेगळी पडतात"वर. आपल्याकडं सप्ताहात, प्रवचनात तिन्ही शब्द एकाच अर्थानं फिरतात. माणूस गप्प बसायला लागला की विरक्त झाला, आणि विरक्त झाला की ज्ञानी झाला.

विचारायचं ते असं. तिघांची सरहद्द नेमकी कुठं? उपरमाच्या व्याख्या ग्रंथागणिक बदलतात, त्यातली कोणती धरायची? तत्त्वबोध म्हणतो स्वधर्माचं अनुष्ठान हाच उपरम, विवेकचूडामणी म्हणते वृत्तीनं बाहेरचा आधार न घेणं, आणि वेदान्तसार म्हणतो विहित कर्मांचा विधिपूर्वक त्याग. म्हणजे एक म्हणतो करा, दुसरा म्हणतो सोडा! आणि शेवटचं, शेती-नोकरी-लेकरंबाळं असलेल्यानं सुरुवात कुठून करायची?

एक विनंती आहे. स्वतःचे अनुभव नकोत. ग्रंथ काय म्हणतो आणि करायचं कसं, तेवढंच बोलू.

ग्रंथपाल

सरहद्द विद्यारण्यांनीच आखून दिली आहे. प्रत्येकाचा हेतू, स्वरूप आणि कार्य ते वेगवेगळं सांगतात, म्हणजे कशानं येतं, असतं काय आणि आल्यावर काय होतं. हे एकदा नीट वाचलं की निम्मा घोळ मिटतो.

वैराग्य येतं दोषदृष्टीनं. त्याचं स्वरूप जिहासा, म्हणजे टाकून द्यावंसं वाटणं. कार्य असं की भोगांपुढं पुन्हा दीन व्हावं लागत नाही. बोध येतो श्रवण, मनन, निदिध्यासन (त्याचंच सतत ध्यान) यांनी. खरं काय आणि मिथ्या काय याची निवड हे त्याचं स्वरूप, आणि सुटलेली गाठ पुन्हा न बसणं हे कार्य. उपरम येतो यमनियमादी योगाच्या अंगांच्या अभ्यासानं. बुद्धीचा निरोध हे त्याचं स्वरूप, आणि व्यवहार ओसरणं हे कार्य.

आता चूक कुठं होते ते बघा. हेतू, स्वरूप, कार्य असे तीन रकाने धरले, तर जवळजवळ सगळे जण तिसऱ्या रकान्यापासून, म्हणजे कार्यापासून, सुरुवात करतात. व्यवहार ओसरणं हे उपरमाचं फळ आहे. पण करतात काय, तर आधी व्यवहार तोडतात. लग्नाकार्याला जायचं बंद, फोन बंद, बोलणं बंद, आणि मग मन शांत होण्याची वाट बघत बसतात. बुद्धीचा निरोध तर झालेलाच नसतो. रिकाम्या वेळेत ती दुप्पट फिरते. फळ आणून झाडाला बांधलं म्हणून झाडाला फळ लागत नाही. वैराग्याचंही तेच. अदीनता हे कार्य आहे. ती आणायची म्हणून "मला कशाचीच गरज नाही" असं बोलत राहिलं की वैराग्याऐवजी ताठा येतो.

पहिल्या रकान्यात काय करायचं ते सांगितलंय. दुसऱ्यात ते जमलं का हे कळतं. तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो आपोआप भरतो.

शंकासुर

छान आहे, पण पुढचा एक श्लोक गळ्याखाली उतरत नाही. तिथं म्हटलंय की बोध पूर्ण असेल आणि बाकी दोन्ही अडलेली असतील तर मोक्ष निश्चित, पण दृष्टदुःख, म्हणजे इथलं रोजचं दुःख, जात नाही. अहो, ज्ञान झाल्यावरही माणूस कुढतच राहणार असेल तर ते ज्ञान घेऊन करायचं काय? उद्या कुणीही म्हणेल की मला बोध झालाय, बाकी दोन्ही अडलंय, म्हणून मी चिडतो.

ग्रंथपाल

शंकासुरराव, ही पळवाट आचार्यांनाही दिसली होती. पंचदशीच्याच चौथ्या प्रकरणात सुरेश्वराचार्यांच्या नैष्कर्म्यसिद्धीतला श्लोक घेतलाय. अद्वैत कळल्यावरही वाटेल तसं वागायचं असेल, तर अशुद्ध खाण्याच्या बाबतीत कुत्र्यात आणि तत्त्वज्ञान्यात फरक काय? इतकं रोखठोक.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र जीवन्मुक्तिविवेकात आहे, आणि तेही विद्यारण्यांचंच. तिथं ते याज्ञवल्क्याचं उदाहरण घेतात. बृहदारण्यकात जनकानं हजार गायी बांधल्या, प्रत्येकीच्या शिंगांना दहा दहा पाद सोनं. जो सर्वांत ब्रह्मनिष्ठ त्यानं न्याव्यात. वाद सुरू होण्याआधीच याज्ञवल्क्य शिष्याला सांगतो, हाक रे या. इतर ब्राह्मण चिडतात तर म्हणतो, ब्रह्मनिष्ठाला आमचा नमस्कार, आम्हाला आपल्या गायी हव्या आहेत. पुढं शाकल्याला तो म्हणतो, उत्तर दिलं नाहीस तर तुझं डोकं गळून पडेल, आणि तसं होतं. याच माणसाचा बोध कच्चा होता असं कुणी म्हणत नाही. पण जिंकायची इच्छा होती, राग होता. म्हणूनच मैत्रेयीला सांगून तो पुढं घर सोडतो. विद्यारण्य याला विद्वत्संन्यास म्हणतात. तो ज्ञान मिळवण्यासाठी घेतलेला नसतो, ज्ञान झाल्यावर चित्ताला विश्रांती मिळावी म्हणून घेतलेला असतो. ज्ञान मिळवण्यासाठी घेतात तो विविदिषासंन्यास.

त्यांचं म्हणणं असं की तत्त्वज्ञान, वासनाक्षय (वासना झिजणं) आणि मनोनाश (मन विरणं) या तिन्हींचा अभ्यास बरोबरीनं चालू ठेवा. एकाच्या जोरावर बाकीची दोन ओढली जात नाहीत.

उलट्या बाजूचं वाक्यही वाचा. वैराग्य आणि उपरम पूर्ण, पण बोध अडलेला, तर मोक्ष नाही. तपाच्या बळावर पुण्यलोक मिळेल, बस. हे वाक्य कीर्तनात सहसा सांगत नाहीत.

काळी माती

ग्रंथपाल काका, त्ये फळ झाडाला बांधायचं लै पटलं. माझ्याकडून दोन गोष्टी, दोन्ही रानातल्या.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५९ वा श्लोक आहे. उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात पण 'रसवर्जम्', म्हणजे गोडी तेवढी मागं उरते. यावर माउली म्हणतात, वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालायचं, तर झाड मरंल कसं? उलट पाण्याच्या जोरावर ते आडवं पसरतं. आता तुरीचं बघा. तूर दीड-दोन फुटाची झाली की आपण शेंडा खुडतो. काहून? बगल फुटावी, फांद्या वाढाव्या म्हणून! शेंडा खुडणं हा पीक वाढवायचा उपाय आहे. माउलींनी ते 'आडवं पसरणं' नुसतं सुचलं म्हणून लिहिलेलं न्हाई, ते रानात दिसतंच. नुसतं इंद्रिय दाबलं तर एका वासनेच्या चार होतात. चहा सोडला की तंबाखू धरली, असं.

दुसरं पाण्याचं. योगसूत्राच्या व्यासभाष्यात चित्ताला दोन्हीकडं वाहणारी नदी म्हटलंय. वैराग्यानं विषयाकडचा ओघ बुजवायचा आणि विवेकाच्या अभ्यासानं दुसरा ओघ उघडायचा. जायकवाडीच्या चारीवर ज्यानं रात्री दारं धरलंय, म्हंजे वाफ्यांना पाणी दिलंय, त्याला हे सांगावं लागत न्हाई. एका वाफ्याचं दार बांधलं आणि पुढच्याचं फोडलं न्हाई तर पाट फुटतो, आणि फुटतो तो नको तिथंच. म्हणून अभ्यास आणि वैराग्य ही जोडी. सूत्रात (१.१२) दोन्ही एकाच समासात बांधलीत आणि गीतेतही (६.३५) एकाच ओळीत आलीत.

गोदाकाठ

काळी माती दादा, दारं धरण्याचं एकदम चपखल!

दोषदृष्टी करायची कशी, ते सांगते. बहुतेकांना वाटतं की डोळे मिटून "सगळं नाशवंत आहे" म्हणायचं. त्यानं काही होत नाही. दोषदृष्टी ठरावीक वस्तूवर, मोजून करायची असते. पंचदशीच्या सातव्या प्रकरणात, तृप्तिदीपात, पैशापाठी चार ठिकाणचं दुःख सांगितलंय : मिळवताना, राखताना, गेल्यावर आणि खर्चताना. आता एक वस्तू घ्या. समजा घरात साठवलेलं सोयाबीन. पिकवताना काय काय गेलं, ते झालं एक. ठेवलंय तर उंदीर, ओल आणि रोज बघावा लागणारा भाव, हे दुसरं. विकलं आणि आठ दिवसांनी भाव चढला, ते तिसरं. पैसा हातात आला आणि तो देण्याघेण्यातच गेला, ते चौथं. एका बैठकीत एकच वस्तू, चारही खाने भरेपर्यंत. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या भिक्षुगीतात पैशामागं पंधरा अनर्थ नावानिशी मोजलेत. चोरी, हिंसा, खोटं इथून सुरू होऊन भेद, वैर, अविश्वास, स्पर्धा आणि तीन व्यसनांपर्यंत. ती यादी समोर ठेवून आपल्या घरात कोणकोणते आहेत त्यावर खूण करायची.

नाथबाबांनी हा सगळा भाग मराठीत आणला. एकनाथी भागवत पैठणला सुरू झालं आणि काशीत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला पूर्ण झालं. आठव्या अध्यायात पिंगला या वेश्येची गोष्ट येते. तिथं 'निराश' शब्द नीट वाचा. आपण हताश या अर्थानं वापरतो. मुळात अर्थ असा की जिची आशा निघून गेली आहे अशी, आणि तिथं ते परमसुख म्हटलंय. रात्रभर दारात वाट बघून थकलेली बाई आशा सोडते आणि शांत झोपते. तिला घर सोडावं लागलं नाही, सुटली ती वाट बघणं.

आणि दोषदृष्टी माणसांवर चालवायची नाही! पहिली चूक इथंच होते. बायकोचे, सासूचे, मुलांचे दोष मोजत बसणं म्हणजे वैराग्य नव्हे, त्याला उणंदुणं काढणं म्हणतात. गीता १३.९ मध्ये शब्द आहेत 'असक्ती' आणि 'अनभिष्वंग'. अनभिष्वंग म्हणजे मुलगा पास झाला की मी पास, तो नापास की मी नापास, हे चिकटणं नसणं. त्याची फी भरणं काही थांबत नाही.

शंकासुर

१३.९ ना? माझ्या प्रतीत १३.१० आहे.

गोदाकाठ

काही प्रतींत अर्जुनाचा प्रश्न पहिला श्लोक धरतात, मग अध्याय ३५ श्लोकांचा होतो आणि सगळे आकडे एकानं पुढं सरकतात. ३४ वाली प्रत असेल तर १३.९.

तेरणाकाठी

तेराव्या अध्यायावरून आणखी एक. तिथं अमानित्वापासून यादी सुरू होते, त्यात 'इंद्रियार्थेषु वैराग्यम्' आहे, एकांत आवडणं आहे, आणि शेवटी म्हटलंय "हे ज्ञान". म्हणजे गीता वैराग्यालाच ज्ञान म्हणते, मग विद्यारण्य वेगळं का काढतात? भाष्यकारांनी खुलासा केलाय : ज्ञानाचं साधन आहे म्हणून ज्ञान म्हटलं. 'तूप म्हणजे आयुष्य' म्हणतात तसं. हे लक्षात ठेवलं नाही की लक्षणांची यादी पाठ केलेला माणूस स्वतःला ज्ञानी समजतो.

बालाघाटी, तुमचा उपरमाचा प्रश्न. तीन व्याख्या तीन पायऱ्यांच्या आहेत असं माझं मत.

तत्त्वबोध नवख्यासाठी आहे. त्याला सांगितलं, आपलं ठरलेलं काम कर. त्यातला न बोललेला अर्थ असा की दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नको. दिवसभराचा विक्षेप, म्हणजे मनाचं भटकणं, मोजला तर मोठा वाटा आपल्या कामाचा नसतोच. कोण काय म्हणालं, कुणाची जमीन कितीला गेली, सरपंच कोण होणार, यातच तो जातो. नुसता स्वधर्म धरला तरी तेवढं ओसरतं. वेदान्तसारात सदानंद दोन व्याख्या देतात आणि मध्ये 'अथवा' घालतात. पहिली अशी की आवरलेली इंद्रियं श्रवणादी सोडून इतर विषयांकडून परत फिरलेलीच राहणं. दुसरी तुम्ही लिहिली ती, संन्याशाची. त्या 'विधिना' शब्दाला वजन आहे. कंटाळा आला म्हणून सोडणं त्यात बसत नाही. गीतेनं (१८.८) त्याला राजस त्याग म्हटलंय, कष्टाच्या भीतीनं टाकलेलं, ज्याचं फळही मिळत नाही. विवेकचूडामणीतली व्याख्या तर स्वतःच म्हणते की ही 'उत्तम' उपरती. म्हणजे वरची पायरी.

आणि संन्यास घेतला म्हणजे व्यवहार संपला असंही नाही. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. आंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी काम केलं, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा तो व्यवहार काही थोडाथोडका नव्हता.

ग्रंथपाल

तेरणाकाठींच्या पायऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. तत्त्वबोधाची व्याख्या नवख्यासाठी खरी, पण विद्यारण्य 'धीनिरोध', म्हणजे बुद्धीचा निरोध, म्हणतात तेव्हा ते अष्टांगयोगाकडून येतात, वेदान्तसाराच्या ओळीत ते बसत नाहीत. दोन परंपरा आहेत त्या. एक कर्माच्या बाजूनं मोजते, दुसरी वृत्तीच्या. रामानंद तीर्थांचं उदाहरण पहिल्या मापानं विचित्र दिसतं, दुसऱ्या मापानं तसं काही वाटत नाही. उपरमाची शेवटची हद्द विद्यारण्य 'झोपेत जसं जगाचं विस्मरण होतं तसं' अशी देतात. वैराग्याची हद्द म्हणजे ब्रह्मलोकही गवताच्या काडीसारखा वाटणं. बोधाची हद्द, 'हा देह मी' हे आज जितकं पक्कं आहे तितकं परमात्म्याविषयी पक्कं होणं. मधली पातळी ज्यानं त्यानं याच दिशेनं ठरवावी असं ते म्हणतात.

काळी माती

समर्थ तर जांबचे, म्हणजे आपल्याच जालन्याकडचे. दासबोधाच्या बाराव्या दशकात चौथा समास विवेकवैराग्याचा आहे, त्यो वाचा. विवेकाशिवाय वैराग्य केलं तर अनर्थात पडतो, दोन्हीकडून वाया. आणि वैराग्याशिवाय ज्ञान म्हंजे फुकाचा अभिमान. त्याच दशकाचा पहिला समास प्रपंच नेटका करायला सांगतो, तो अनेकांना पाठ असतो, पण चौथ्यापर्यंत लोक पोचत न्हाईत.

मननमात्र

योगाच्या बाजूनं भर घालतो, कारण "सुरुवात कुठून" याचं उत्तर तिथं जास्त मोजून दिलंय.

वैराग्याच्या चार पायऱ्या वाचस्पती मिश्रांनी तत्त्ववैशारदीत, म्हणजे व्यासभाष्यावरच्या टीकेत, दिल्या आहेत : यतमान, व्यतिरेक, एकेंद्रिय, वशीकार. पतंजलीच्या सूत्रात (१.१५) नाव येतं ते फक्त शेवटच्या पायरीचं. दुपारी चारच्या चहावर लावून बघू. ठरवलं की हा चहा सुटला पाहिजे आणि प्रयत्न सुरू केला, ते यतमान. आठ-पंधरा दिवसांनी नीट बघितलं तर कळतं की साखरेची ओढ गेलीय, पण चार वाजले की टपरीवरच्या मंडळींत उभं राहायची ओढ तशीच आहे. शिजलेलं आणि कच्चं असं वेगळं काढणं हा व्यतिरेक. पुढं हात जात नाही, पाय वळत नाहीत, पण उकळत्या आल्याचा वास आला की आत काहीतरी हलतं. इंद्रियं थकली, एका मनात उरलं, ते एकेंद्रिय. कुणी दिला तर घेतला, नाही दिला तर आठवलाही नाही, ते वशीकार.

पहिल्या पायरीवरून थेट चौथीची घोषणा होते आणि व्यतिरेक कुणी करत नाही. तीच खरी कामाची पायरी. तिथं कागद-पेन घ्यायचं. चहाची ओढ म्हणजे जिभेची किती, सोबतीची किती, कामातून उठण्याची किती. तिन्हींवर उपाय वेगळे.

तेरणाकाठी

आमच्या तेरच्या गोरोबा कुंभारांनी थापटणं घेऊन हेच केलं की! कोणतं मडकं कच्चं ते नुसत्या आवाजानं कळतं.

बालाघाटी

मननमात्र, प्रत्याहाराबद्दलही लिहा ना. "इंद्रियं आत वळवा" एवढंच सगळीकडं लिहिलेलं असतं. वळवायची कशी?

मननमात्र

सूत्र (२.५४) सांगतं की इंद्रियांचा विषयाशी संबंध तुटला की ती जणू चित्ताचंच रूप घेतात. भाष्यात उदाहरण मधमाश्यांचं आहे : राणीमाशी उडाली की सगळ्या उडतात, ती बसली की बसतात. म्हणजे एकेक इंद्रिय धरून ओढायचं नाही. चित्त बसलं की ती बसतात. गीतेतलं कासव (२.५८) याच अर्थानं वाचायचं. ज्ञानेश्वरीत कासव अवयव पसरतंही आणि हवं तेव्हा आवरतंही. कायम आखडून बसलेलं कासव आजारी असतं.

करायचं कसं, ते योगयाज्ञवल्क्यात आहे. शरीरात अठरा मर्मस्थानं धरायची : पायाचा अंगठा, घोटा, पोटरीचा मध्य, चितिमूल, गुडघा, मांडीचा मध्य, पायुमूल, देहमध्य, जननेंद्रिय, नाभी, हृदय, कंठकूप, तालुमूल, नासामूल, डोळ्यांचं मंडल, भुवयांचा मध्य, कपाळ, मूर्धा (डोक्याचा माथा). चितिमूल म्हणजे पोटरीच्या वर, गुडघ्याच्या जरा खाली. ते बहुतेक जण गाळतात आणि मोजणी सतरावर येते. ग्रंथात वायू धरून मूर्ध्यापासून एकेका स्थानातून खाली ओढत अंगठ्यापर्यंत आणायला सांगितलंय. शिकवणारा समोर नसेल तर श्वास रोखायचा नाही, नुसतं लक्ष न्यायचं. एका ठिकाणी सहा सहज श्वास धरले तर अठरा स्थानांत १०८ होतात, साधारण सात-आठ मिनिटं लागतात. वरून खाली, खालून वर, आणि मग उरलेला वेळ नुसतं बसणं, असं करून एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं भरतात. सुरुवातीला याहून जास्त नको.

डोकं जड झालं, भुवया आखडल्या तर समजा की लक्ष नेण्याऐवजी तुम्ही नजर नेत आहात. तेव्हा कपाळाची तीन-चार स्थानं आठ दिवस सोडून द्यायची आणि नाभी-हृदयाशी थांबायचं. जेवणानंतर दोन-अडीच तास तरी जाऊ द्या. आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसण्याचा हट्ट नको, पहाटेच बसा.

शंकासुर

आणि झोप लागते त्याचं काय? दहा मिनिटांत मान खाली. बाजूच्याला वाटतं समाधी लागली.

मननमात्र

त्याला नाव आहे, लय. मांडूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात गौडपादांनी चार अडचणी आणि चार इलाज दोन श्लोकांत सांगितले आहेत. लय आला की जागं करायचं. उठून तोंड धुवा, चार पावलं चाला, शब्दाचा विचार सुरू करा. विक्षेप असेल, मन भटकत असेल, तर शांत करायचं, आणि तिथं पुन्हा दोषदृष्टी कामाला येते. तिसरी अडचण कषाय. मन झोपलेलं नाही, भटकतही नाही, पण आत कुठं तरी रुतून ताठलेलं. बाहेरून ते समाधीसारखंच दिसतं आणि म्हणून सर्वांत फसवं. ओळख अशी की उठल्यावर हलकं वाटत नाही, कुणी हाक मारली की चटकन राग येतो. गौडपाद फक्त म्हणतात, ओळख. त्याला ढकलायचं नाही. चौथी, रसास्वाद. थोडं बरं वाटलं की त्याचीच चव घेत बसणं आणि उद्या तसंच व्हावं म्हणून धडपडणं. ती चव घेऊ नको असं स्पष्ट सांगितलंय. दुसऱ्या दिवशी तसं झालं नाही म्हणून जे सोडून देतात ते याच चौथीत अडकलेले असतात.

लय आणि विक्षेप यांत बैठक बिघडली तर इलाज उलटे आहेत हे विसरू नका. झोप येणाऱ्याला "मन शांत कर" सांगितलं तर तो घोरतो.

गोदाकाठ

आणि वैराग्य बिघडतं ते नाथबाबांनी चिरंजीवपदात दाखवलंय. लहानसं प्रकरण आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. विरक्ताला मान मिळू लागला की त्याच मानातून पाचही विषय मागच्या दारानं घरात येतात. स्तुती कानाला, मऊ आसन आणि पाय चेपणं अंगाला, उंची वस्त्रं डोळ्याला, पक्वान्नं जिभेला, चंदन-अत्तर नाकाला. सोडलेले विषय पुन्हा मागावे लागत नाहीत, लोकच आणून देतात. म्हणून ते राजस, तामस, सात्त्विक असे वैराग्याचे प्रकार पाडतात, आणि ज्याला मानच नकोसा वाटतो तिथंच सात्त्विक म्हणतात.

काळी माती

एकादशीचं कुणी बोललं न्हाई अजून. रसवर्जम् बघायचं तर दशमीच्या रात्रीच बघावं. उद्याच्या साबुदाण्याला शेंगदाण्याचं कूट किती, भगरीबरोबर आमटी का नुसतं ताक, यावर घरात जी चर्चा होते तीच व्यतिरेकाची वही समजा.

बालाघाटी

बरंच उलगडलं. आता बोधाच्या बाजूचं राहिलं. श्रवण, मनन, निदिध्यासन यातलं कुणाचं कुठं अडलंय हे कसं कळतं?

ग्रंथपाल

शंका कोणत्या जातीची आहे त्यावरून. "उपनिषद खरंच हे म्हणतंय का?" अशी शंका असेल तर श्रवण कमी पडलंय. तिथं सहा लिंगं, म्हणजे ग्रंथाचं तात्पर्य ओळखायच्या खुणा, लावून वाचायचं : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात 'तत्त्वमसि' नऊ वेळा येतं, तो झाला अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती. "म्हणत असेल, पण असं असू शकतं का?" ही शंका मननानं जाते. आणि "पटलंय, पण मी म्हणजे हा देह असंच वाटत राहतं", ती विपरीतभावना, तिच्यावर निदिध्यासन. दुसऱ्या जातीच्या शंकेवर पहिलं औषध देत राहिलं की माणूस आणखी पोथ्या विकत घेतो.

मराठीतून करायचं असेल तर आंबाजोगाईला समाधी असलेल्या मुकुंदराजांचा विवेकसिंधू घ्या, शके १११०. ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षं मराठीत वेदान्त असा प्रकरणशः मांडलेला आहे. पूर्वार्धापासून क्रमानंच वाचा, मधून उघडू नका.

तेरणाकाठी

मननमात्र, एक बारीक दुरुस्ती. व्यासभाष्यात राणीमाशी नाही, 'मधुकरराज' आहे, पुल्लिंगी. मोहोळात राजा असतो असाच तेव्हाचा समज.

मननमात्र

बरोबर. राणी मी घातली. वर तसंच राहू देतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद लोंबकळत राहील.